पुढच्या चाकातली हवा

"मग पंक्चर काढू का नवा टायर टाकू, तेवढं सांगा बाबा."

हे विचारताना दौलतच्या खांद्यावर मोटरसायकलचं पुढचं चाक होतं. अख्खा चढ तो ते घेऊनच चढून आला होता. अजून त्याने ते खाली ठेवलं नव्हतं.

निवांतनाथबाबा धुनीत लाकूड सारत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"नाथांच्या मठात आधी आदेश म्हणावं," ते म्हणाले. "टायर पळून जात नाही."

"आदेश, बाबा."

"आदेश. ठेव खाली."

दौलतने चाक फरशीवर ठेवलं. त्याचा दम जरा बसला, आणि मग आम्हाला ते ऐकू आलं.

स्स्स्स...

बारीक, एका सुरातलं. चाकातून हवा जात होती.

मी चुलीपाशी होतो. त्या मठात माझं काम भात-भाकरीचं, आणि कुणी विचारलं नसताना मधे बोलायचं. त्या दिवशी मी एकदाही मधे बोललो नाही. का, ते पुढे कळेल.

आमचा मठ पठारावर. आजूबाजूला गवत, कातळ आणि पवनचक्क्या. पावसाळा सरला तरी तिथे दुपारी धुकं उतरतं. मग पवनचक्क्या दिसत नाहीत, नुसती पाती ऐकू येतात. कुणीतरी मोठं जनावर झोपेत घोरावं तसा तो आवाज. सवय होईपर्यंत माणूस दचकतो. सवय झाल्यावरही दचकतो, पण बोलून दाखवत नाही.

बाबांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. निवांतनाथ हे गावाने ठेवलेलं. पातेल्यातलं दूध उतू चाललं तरी बाबा त्याच्याकडे बघत बसायचे. मी धावायचो. घाई ही गोष्ट त्या माणसाच्या अंगालाच लागली नव्हती.

आणि दौलत त्यांचा शिष्य. आयटीआय केलेला, हाताला गुण असलेला, हुशार. ती हुशारी सगळ्यांत आधी त्यालाच कळली होती, एवढीच काय ती खोट.

मठात बाबा श्वास शिकवायचे. घ्यायचा, धरायचा, सोडायचा. बाकी काही नाही. धरण्यात दौलतचा हात धरणारा कुणी नव्हता. इतरांचे चेहरे लाल व्हायचे, डोळे बाहेर यायचे. हा बसायचा गालात हसत. छाती भरलेली, नाकाशी दोरा धरला तरी हलायचा नाही. मग हळूच एक डोळा उघडून बाबांचं लक्ष आहे का ते बघायचा.

बाबांनी त्याचं कौतुक कधी केलं नाही. एकदाच म्हणाले होते, "धरायला शिकलास. अर्धं झालं."

दौलतने ते कौतुक म्हणूनच घेतलं. उरलेलं अर्धं कोणतं, हे त्याने विचारलं नाही.

"पंक्चरवाल्याकडे गेला होतास?" बाबांनी विचारलं.

"गेलो हुतो. तो म्हणतो, पंक्चर काढायचं तर आधी हवा जाऊ दे. हवा गेल्याबिगर टायर खोलता येत न्हाई."

"मग जाऊ द्यायची."

"जातीय, पर सरत न्हाई बाबा."

स्स्स्स...

"व्हॉल्व्ह काढला. तरी सरत न्हाई. त्यानं कान लावला चाकाला. मग दुकानाचं फळकूट ओढलं अन् म्हणाला, घेऊन जा हे हितनं."

बाबांनी चाकाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"सर्जेरावच्या गाडीचं ना हे?"

"व्हय."

"ती गाडी तर गोठ्यात उभी असते."

"व्हय."

"उभ्या गाडीला पंक्चर कसं झालं?"

दौलतने चाक उगाच जरा सरकवलं.

सर्जेराव त्याचा थोरला भाऊ. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. गेला त्या सकाळी त्याने गाडीच्या पुढच्या चाकात पायपंपाने हवा भरली, पंप भिंतीला टेकवला आणि मोटर चालू करायला विहिरीवर गेला. जाताना आईला म्हणाला, चहा टाक, आलोच. दुपारी त्याला वर काढला. मोटर चालूच होती.

मीही त्याच गावचा, दहाव्याला ओढ्यावर होतो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या जांभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. चुलत्याने पुढे होऊन सांगितलं, शेताच्या बांधाचं भांडण मिटवतो. कावळा हलला नाही. मामाने सांगितलं, बहिणीला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. कुणी काय, कुणी काय कबूल केलं. मेलेल्या माणसाला काय हवं असतं, हे त्या वेळी सगळ्यांनाच कळतं. जिवंतपणी कुणाला कळत नाही.

शेवटी त्याची आई उठली. हौसाबाई. बाईमाणसाने ओढ्यावर येऊ नये म्हणतात, पण तिला अडवायची छाती कुणाची नव्हती. ती पिंडासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर्जा, तुझी गाडी हाय तशी ठेवीन. तिचा खिळासुदीक बदलू देणार न्हाई."

आणि कावळा उतरला.

सगळ्यांनी सुस्कारा टाकला. कावळा शिवला की माणसांना भुका लागतात. आम्ही घरी जाऊन जेवलो.

तेव्हापासून गाडी गोठ्यात. हौसाबाई रोज सकाळी उठायची, तोंडही न धुता गोठ्यात जायची आणि पुढच्या चाकावर अंगठा दाबायची. त्या चाकात त्याने भरलेली हवा होती. चाक कडक लागलं की म्हणायची, "हाय." मग चूल पेटवायची.

गाव म्हणायचं, बाईचं डोकं फिरलं. पण हे सांगताना गाव आवाज खाली करायचं. कारण महिने गेले तरी चाक बसलं नव्हतं. आपल्या सायकलीला पंधरवड्याने हवा मारावी लागते, हे गावालाही कळत होतं.

"हवा मीच भरत हुतो," दौलत एकदम म्हणाला.

बाबांनी धुनीत आणखी एक लाकूड सारलं.

"ती उठायच्या आत. फटफटायच्या आधी. पंपाला चिंधी गुंडाळायचो, आवाज हू नये म्हणून. तिला कळलं न्हाई कदी." त्याच्या आवाजात जरा ऐट आली. "म्या न्हाई भरली असती तर आई तवाच गेली असती बाबा. तिला जगवली ती म्या."

"बरं केलंस," बाबा म्हणाले. "मग?"

"मग पावसाळ्यात हितं आलो. अनुष्ठानाला."

ते मला आठवत होतं. पावसाळाभर तो मठात होता. मौन, एक वेळ जेवण आणि दिवसभर श्वास.

"तवा म्हणलं, आता हूं दे एकदाचं. मी न्हाई म्हणल्यावर चाक बसंल. ती रडंल, पर सुटंल. पंपसुदीक संगं आणला. घरात ठेवलाच न्हाई."

तेही खरं. पंप माझ्या सरपणाच्या खोलीत पडलेला होता. मी त्याला अडखळून पडलो होतो आणि दौलतच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या.

"दसऱ्याला घरी गेलो," दौलत म्हणाला. "आधी गोठ्यात गेलो. चाक दाबलं..."

तो थांबला.

"दगड बाबा. दगडासारखं. म्या भरायचो त्यापरीस कडक."

धुनीत लाकूड फुटलं. दौलत दचकला आणि आपण दचकलो नाही असं दाखवलं.

"वाटलं, आईच कुणाकडनं भरून घेत असंल. पाळत ठेवली. दाराला आतनं कडी घालून गोठ्यातच निजलो. कोण येत न्हाई, कोण जात न्हाई. आन् सकाळी चाक अजून टणक."

"आई कशी आहे?"

त्या एका प्रश्नाने दौलतची ऐट उतरली. तो चाकाशेजारी खाली बसला.

"दम लागतो. पयलं चढाला लागायचा. मग बसल्या जागी. आता बोलायलासुदीक पुरत न्हाई. डॉक्टरनं औषध दिलं, फवारा दिला. काय उपेग न्हाई. भिंतीला धरून धरून गोठ्यात जाती. अंगठा दाबती. म्हणती, हाय. अन् मग..." त्याने चाकाकडे पाहिलं. "आज सकाळी म्या दाराआडनं बघितलं. तिनं अंगठा दाबला अन् तिचा श्वास थांबला. छाती हलंना. अन् तोंडावर हसू. मला वाटलं, गेली. मी पळत गेलो, हलवली, तवा कुठं तिनं दम घेतला. भ्यालो बाबा. खोटं कशाला सांगू. लई भ्यालो."

"आणि?"

"तिला आत नेऊन निजवली. अन् दाभण घेतलं."

गोणी शिवायचं दाभण. वीतभर लांब.

"टोचलं. पार मुठीपातूर. म्हणलं, काय आसंल ते जाऊ दे भायेर."

स्स्स्स...

"तवापासनं हे चाललंय. हवा जातीय. चाक बसत न्हाई." त्याने हात जोडले. "आता पंक्चर काढलं तर जे आत हाय ते आतच ऱ्हातं, अन् आई अशी झिजून जाती. नवा टायर टाकला तर तिनं पिंडाम्होरं दिलेला शब्द मोडतो. मोडला तर ती त्याच दिवशी जाती. मला एक कायतरी सांगा. तुमी सांगितलं म्हणलं की ती ऐकंल."

"तिला ठाऊक आहे का, चाक इथे आणलंयस?"

"न्हाई. निजली हाय. उठली तर शेजारच्या काकी सांगतील, गाडीचं काम निघालंय म्हणून."

"म्हणजे तिला विचारलं नाहीस."

"तिला काय विचारायचं बाबा? तिला कळत असतं तर ही येळ आली असती का?"

बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी चिमटा बाजूला ठेवला.

"चल. डोणीत घाल ते."

मठाच्या अंगणात दगडी डोण आहे, गुरांना पाणी पाजायची. मठात गुरं राहिली नाहीत, पण डोण आम्ही भरून ठेवतो. वाटेवरची मेंढरं पितात. दौलतने चाक उचलून तिच्यात सोडलं. ते बुडेना. त्याने दोन्ही हातांनी रेटून धरलं.

पंक्चरवाला करतो तेच. भोक कुठे आहे ते पाणी सांगतं.

दाभणाच्या भोकातून बुडबुडे आले. मोठे, सावकाश. एक रांग वर यायची, थांबायची. मग दुसरी रांग.

मी परातीत भात उपसून ठेवला होता. तो तसाच सोडून दारात आलो. धुकं अंगणात उतरलं होतं. पलीकडे पातं फिरत होतं, घूं... घूं...

बाबा पाण्याकडे पाहत होते. मग त्यांनी दौलतच्या छातीकडे पाहिलं. मग पुन्हा पाण्याकडे.

"दौलत."

"जी?"

"श्वास धर."

"आत्ता?"

"तुला येतो ना धरता?"

तेवढ्यातही दौलतचा चेहरा किंचित खुलला. त्याने पाठ ताठ केली, छाती भरून घेतली आणि श्वास धरला.

बुडबुडे थांबले.

पाणी काचेसारखं सपाट झालं. दौलतला ते दिसत होतं. त्याचे डोळे मोठे होत गेले, पण श्वास त्याने सोडला नाही. सवयच ती. मीही नकळत माझा श्वास धरला होता. मला तो जमत नाही, मी सोडला. पाणी हललं नाही. त्याने अजून धरलेलाच होता.

"सोड," बाबा म्हणाले.

दौलतने श्वास सोडला आणि भोकातून बुडबुड्यांचा लोट वर आला. डोणीतलं पाणी काठावरून सांडलं.

"पुन्हा धर."

त्याने धरला. बुडबुडे थांबले.

"सोड."

पाणी उसळलं.

दौलतची पकड सुटली. चाक निसटून वर आलं आणि डोणीत कलंडून तरंगत राहिलं.

"हे काय बाबा? ह्ये... ह्ये दादाचं हाय ना? त्यानं भरलेलं?"

"ते तू सांगायचं."

"मला काय ठाऊक?"

"दहाव्याला पिंडापुढे काय बोललास?"

"मी? मी न्हाई. आई बोलली. सगळ्यांनी ऐकलं."

"आई मोठ्याने बोलली," बाबा म्हणाले. "तू?"

दौलतने खाली पाहिलं. मी त्याला लहानपणापासून पाहत आलोय. मान खाली घातलेला दौलत मला ठाऊक नव्हता.

"मनात बोललो," तो म्हणाला.

"काय?"

दौलतने डोणीचा काठ धरला.

"दौलत."

"जाऊ नगं म्हणलं."

मी दारात उभा होतो. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पिंडापुढे काय म्हणावं ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. जा, सुखाने जा, मागचं आम्ही बघतो. एवढंच म्हणतात. कितीही जीव असो, थांब म्हणत नाहीत. मेलेल्याला थांब म्हणत नाहीत.

"आणि कावळा?" बाबांनी विचारलं.

"तवाच..." दौलतचा आवाज फुटला. "तवाच शिवला. आई बोलत हुती, अन् म्या मनात म्हणलं, दादा, जाऊ नगं. अन् तो उतरला. मला वाटलं, आईच्या बोलण्यानं उतरला. सगळी तेच म्हणली."

"कुणाच्या बोलण्याने उतरला, ते त्या कावळ्याला ठाऊक."

बाबा माझ्याकडे वळले.

"भात झाला?"

मी मान हलवली. ते आत आले, परातीतून वाफाळता भात मुठीत घेतला आणि वळत वळत बाहेर गेले. हात भाजला असणार. त्यांनी तो गोळा डोणीच्या काठावर ठेवला. वर काळे तीळ नाहीत, खाली दर्भ नाही, काही नाही.

इथे एक सांगायला हवं. आमच्या पठारावर कावळे नाहीत. पाती फिरायला लागल्यापासून आले नाहीत. खरकटं टाकलं तर मुंग्या खातात. मी कितीतरी वर्षांत तिथे कावळ्याचा आवाज ऐकला नव्हता.

धुक्यातून एक कावळा आला आणि मठाच्या पत्र्यावर बसला.

ओरडला नाही. पत्र्यावर त्याची नखं वाजली, तेवढाच आवाज.

"अर्धं राहिलंय तुझं," बाबा म्हणाले. "ते कर."

दौलतला कळलं. कळलं म्हणूनच त्याला ते जमेना. तो डोणीला धरून उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. कावळा बघत होता. पाण्यात चाकाच्या भोकातून बुडबुडे येत होते, आता भराभर, कारण दौलतचा श्वास भराभर चालला होता.

"त्यानं मला गाडी शिकवली बाबा," तो म्हणाला. "मागं बसायचा. म्हणायचा, मी हाय, तू चालव."

"हं."

"मी हाय म्हणायचा."

"हं."

"...दादा."

कावळा पत्र्यावरून काठावर उतरला. भाताच्या गोळ्यापासून हातभर लांब. मान वाकडी करून त्याने दौलतकडे पाहिलं.

"दादा, जा."

एवढंच बोलला. पण त्यामागे जो श्वास बाहेर पडला तो संपेचना. एवढा मोठा श्वास माणसाच्या छातीत मावतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्याचे खांदे उतरले, पाठ वाकली, गुडघे टेकले. वर्षभर धरून ठेवलेला माणूस त्याच्यातून निघून गेला.

कावळ्याने गोळ्यात चोच घातली. घास उचलला आणि धुक्यात गेला.

आवाज थांबला. स्स्स्स नाही. भोकातून एकही बुडबुडा येत नव्हता.

मग दौलत रडला. ओढ्यावर रडला नव्हता, घरी रडला नव्हता, आईला जगवायची म्हणून रडायला त्याला सवडच झाली नव्हती. ते सगळं तो तिथे रडला. माझेही डोळे भरले. धुराने, असं मी तेव्हा सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

बराच वेळ गेला. दौलतने डोणीतलं पाणी तोंडावर मारलं, पंच्याने तोंड पुसलं आणि हळूहळू पुन्हा आमचा नेहमीचा दौलत झाला. माणूस सुटला की त्याची हुशारी आधी परत येते.

"सुटलं बाबा," तो म्हणाला. "आता काय भ्याव न्हाई. उतरताना बाजारातनं नवा टायर टाकून घेतो. वरनं जरा माती फासतो, जुन्यावाणी दिसंल. आईला कळणारसुदीक न्हाई. बरी होईल ती आता."

बाबा चाकाकडे पाहत होते.

"दाब," ते म्हणाले.

"काय?"

"चाक. दाबून बघ."

दौलतने चाकावर अंगठा ठेवला. दाबला. पुन्हा दाबला.

त्याचा चेहरा पांढरा पडला.

"...हवा तशीच हाय."

बाबांनी बाह्या सारल्या. चाक दोन्ही हातांनी धरून पाण्याखाली घातलं आणि सावकाश फिरवलं. दाभणाचं भोक आलं आणि गेलं. तिथे काही नव्हतं. व्हॉल्व्ह आला आणि गेला. तिथेही काही नव्हतं. मग टायरची एक जागा आली. तिथली नक्षी झिजून गुळगुळीत झाली होती. गाडी रस्त्यावर न चालता तेवढीच जागा झिजली होती. तिथे दसऱ्याच्या पूजेतल्या हळदीकुंकवाचा डाग होता आणि अंगठ्याएवढा खळगा.

बाबांचे हात थांबले.

त्या जागेला भोक नव्हतं, फट नव्हती. मी वाकून पाहिलं, रबर अख्खं होतं. पण तिथून बुडबुडे येत होते. मोहरीएवढे, बारीक. दोन-तीन भराभर यायचे. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. इतका वेळ की वाटावं, संपले. मग पुन्हा एखादा, धडपडत आल्यासारखा.

दौलतने श्वास धरला. बुडबुडे थांबले नाहीत.

त्याने श्वास सोडला. ते आपल्या चालीने येत राहिले. दोन-तीन. मग काही नाही.

ती चाल त्याला ठाऊक होती. रोज रात्री भिंतीपलीकडून तो तीच ऐकत होता.

"आई..." तो म्हणाला.

पलीकडे पातं फिरत होतं. धुक्यात ते कुठे होतं ते दिसत नव्हतं.

"बाबा," दौलतला शब्द सापडत नव्हते, तोंडात जुनाच प्रश्न आला, "मग आता मी... पंक्चर काढू, का नवा..."

बाबांनी ओलं चाक बाहेर काढलं, त्याचा हात धरला आणि त्याला उभा केला. चाक त्याच्या खांद्यावर टाकलं आणि त्याला वाटेकडे ढकललं. आजवरच्या माझ्या चाकरीत निवांतनाथांना घाई करताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

"ते तिला विचार," बाबा म्हणाले. "पळ. बुडबुडे येताहेत तोवर."